माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि कोकण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची गोष्ट आपल्याकडे नेहमी पुण्यापासून सुरू होते आणि पुण्यातच संपते. खडकीची लढाई, शनिवारवाडा, पेशवाईचा शेवट एवढ्यावर पाठ्यपुस्तक थांबते. पण या माणसाच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत कोकणाचे जिल्हे आखले गेले, रत्नागिरीला कचेरी आली, देवगडच्या आडगावातल्या मुलाला मुंबईच्या शाळेचे दार उघडले आणि खोताच्या, म्हणजे गावाचा वसूल भरणाऱ्या हक्कदाराच्या, ओझ्याखालचे कूळ मात्र होते तिथेच राहिले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, गावाचा इतिहास लिहायला बसलेले शिक्षक आणि किल्ले पाहायला येणारे लोक याविषयी जे विचारतात, त्याची उत्तरे इथे दिली आहेत.

एल्फिन्स्टन नेमका कोण होता?

स्कॉटलंडमधल्या एका सरदार घराण्यातला धाकटा मुलगा. जन्म ६ ऑक्टोबर १७७९ चा. थोरल्या भावाकडे गादी जाणार, तेव्हा धाकट्यांनी नोकरीची वाट धरायची, हा तिथला रिवाज. त्याप्रमाणे तो ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून लागला आणि १७९६ मध्ये कलकत्त्याला उतरला, तेव्हा त्याला सतरावे वर्ष चालू होते. पुढे तो नागपूर आणि पुणे येथे रेसिडेंट (देशी दरबारात बसणारा कंपनीचा प्रतिनिधी), दख्खनचा कमिशनर आणि १ नोव्हेंबर १८१९ पासून १ नोव्हेंबर १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. लग्न त्याने केले नाही. पहाटे उठून घोड्यावर रपेट आणि मग ग्रीक, लॅटिन, फारसी ग्रंथांचे वाचन हा त्याचा अनेक वर्षांचा नेम होता.

एल्फिन्स्टन रोड स्टेशन याच्याच नावाचे होते का?

नाही. ही गल्लत इतकी पसरली आहे की ती आधी दूर केलेली बरी. मुंबईला एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर झाले. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत तो काका. दुसरा त्याचा पुतण्या जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन, जो १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होता. २०१८ मध्ये ज्या स्टेशनचे नाव प्रभादेवी झाले, ते या पुतण्याचे. आजचे हॉर्निमन सर्कल पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल होते, तेही पुतण्याच्याच नावाने. रायगड जिल्ह्यातले माथेरान थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवण्यात ज्या लॉर्ड एल्फिन्स्टनने लक्ष घातले, तोही हाच. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा गव्हर्नर पुतण्या होता.

एल्फिन्स्टन कॉलेज मात्र काकाचे. त्याची हकिगत पुढे येते.

तेव्हाचा गव्हर्नर आणि आजचे राज्यपाल यांत फरक काय?

जमीन-अस्मानाचा. आजच्या राज्यपालांची नेमणूक घटनेच्या कलम १५५ प्रमाणे राष्ट्रपती करतात, वयाची पस्तीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. कंपनीच्या गव्हर्नरला निवडून आलेल्या कोणाचाही सल्ला घ्यायचा नव्हता. त्याच्या मदतीला एक छोटे कौन्सिल असे, त्यात सेनापतीही बसे. कायदे तोच करी, महसूल तोच ठरवी, लष्कर आणि आरमार त्याच्याच हुकमात. त्याच्यावर अधिकार चालायचा तो कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचा आणि लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांचा. लंडनहून पत्राचे उत्तर यायला कित्येक महिने लागत. त्यामुळे मुंबईत बसलेल्या माणसाचा स्वभाव, त्याची मते, त्याची भीती हे सगळे थेट रयतेच्या पदरात पडत असे. म्हणूनच या पदावरच्या माणसाचे चरित्र वाचावे लागते. नुसते पद समजून भागत नाही.

एक धागा मात्र आजवर टिकला आहे. मुंबई विद्यापीठाचा पहिला कुलपती गव्हर्नर होता आणि आजही राज्यपालच कुलपती असतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कुलपतीही राज्यपालच.

गव्हर्नर होण्याआधी त्याने काय केले?

बनारसला असताना १७९९ मध्ये अवधच्या पदच्युत नवाबाने, वजीर अलीने, इंग्रजांवर हल्ला केला, त्यातून तो थोडक्यात वाचला. नंतर पुण्याच्या रेसिडेंटचा मदतनीस झाला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या बरोबर घोड्यावर होता. मग चारेक वर्षे नागपूरला रेसिडेंट. १८०८ मध्ये कंपनीने त्याला काबूलच्या दरबाराकडे वकील म्हणून पाठवले. शाह शुजा तेव्हा पेशावरला होता, भेट तिथेच झाली. काबूल शहर त्याने पाहिलेच नाही, पण त्या राज्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना विचारून, टिपणे काढून माहिती जमवण्याची जी सवय त्याला तिथे लागली, तीच पुढे महाराष्ट्रात उपयोगी पडली. १८११ मध्ये तो पुण्याला रेसिडेंट म्हणून परत आला.

पेशवाई त्यानेच बुडवली, असे म्हणतात. ते खरे का?

शेवटचा डाव त्याने टाकला, पण पट आधीच मांडलेला होता आणि तो मांडला गेला कोकणच्या किनाऱ्यावर. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून घाट उतरला, महाडला आला, किनाऱ्याला लागला आणि समुद्रमार्गे वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. तैनाती फौज आली, परराज्यांशी बोलणी करण्याचे स्वातंत्र्य गेले. ज्या वसईसाठी चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये एवढी माणसे खर्ची घातली, त्याच वसईत अवघ्या ६३ वर्षांनी हा कागद झाला. कोकणातल्या माणसाला हे वाचताना चटका बसतो आणि तो बसायलाच हवा.

एल्फिन्स्टन पुण्यात आला तो या तहाची अंमलबजावणी करायला. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. एल्फिन्स्टनने पेशव्यांचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आरोप ठेवला आणि त्याला ताब्यात मागितले. तिथून संबंध बिघडत गेले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी पुण्यात संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली आणि एल्फिन्स्टनची पुस्तके आणि कागद तिच्यात गेले. पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य संपल्याचा जाहीरनामा साताऱ्याहून निघाला, तो त्याच्याच नावाने.

त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला, ती गोष्ट काय आहे?

कोकणातल्या कहाण्यांत ही मला सर्वांत आवडते, कारण तिचा नायक एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, आहे आणि त्याचे नावही कोणाला माहीत नाही.

पेशव्यांनी अखेर त्रिंबकजीला इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हा त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. हिंदुस्थानी शिपाई फितूर होतील, अशी इंग्रजांना शंका होती. पण गोऱ्या शिपायांना मराठीचा गंध नव्हता आणि नेमकी हीच फट सापडली. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याच्या घोड्यांकडे एक मराठा मोतद्दार कामाला लागला. घोड्याला फिरवताना, खरारा करताना तो कोठडीच्या खिडकीखाली गाणे म्हणत राही. गाण्यातून तो निरोप देत होता: माणसे कुठे दबा धरून आहेत, घोडा कुठे बांधला आहे. पहारेकरी ऐकत होते आणि त्यांना काहीच कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये एका रात्री त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटला आणि खाडी ओलांडून पसार झाला. कलकत्त्याचा इंग्रज धर्मगुरू बिशप हेबर १८२५ मध्ये मुंबईकडे आला, तेव्हा ही हकिगत लोकांच्या तोंडी होती. ती त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली, म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे.

या पलायनाची किंमत मोठी पडली. पेशव्यांनीच त्याला मदत केली असा ठपका ठेवून एल्फिन्स्टनने दबाव वाढवला आणि १३ जून १८१७ चा पुण्याचा तह लादला. त्या तहात उत्तर कोकण कंपनीकडे गेले. तो किल्ला म्हणजेच आजचा ठाण्याचा मध्यवर्ती कारागृह.

सगळे कोकण एकदमच इंग्रजांकडे गेले का?

नाही, तुकड्यातुकड्याने गेले. म्हणूनच कोकणातल्या दोन शेजारच्या गावांचा इतिहासही कधी कधी वेगळा निघतो.

सर्वांत आधी बाणकोट. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम काढली, सुवर्णदुर्ग पडला आणि पुढच्या वर्षी बाणकोटचा हिंमतगड इंग्रजांना मिळाला. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. (व्हिक्टोरिया राणीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, त्यामुळे तिच्याशी या नावाचा संबंध जोडू नये.) १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सिंधुदुर्ग, सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले बंदर असे आणखी दोन घास कंपनीने घेतले. त्या वेळी पुण्याला रेसिडेंट एल्फिन्स्टनच होता आणि कोल्हापूर व पेशवे यांच्यातल्या वादात मध्यस्थ म्हणून तो उभा होता. कंपनीचा रोख स्पष्ट दिसतो: समुद्रावर फिरणाऱ्या मराठी गलबतांची बंदरे आधी हातात आली पाहिजेत. १८१७ च्या तहाने उत्तर कोकण गेले आणि त्यानंतरच्या युद्धात बाकीचे. कर्नल प्रॉथर मे १८१८ मध्ये रायगडाखाली आला, तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई गडावर होती. तोफांच्या माऱ्याने गडावर आग लागली. महाराजांच्या राजधानीचे वाडे आज जोत्यापुरते उरले आहेत, त्यात या आगीचा वाटा मोठा आहे.

त्यानंतरही काही संस्थाने उरली. सावंतवाडीशी १८१९ मध्ये तह होऊन ते कंपनीच्या संरक्षणाखाली आले. अलिबागच्या आंग्र्यांशी १८२२ मध्ये, म्हणजे एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाच, तह झाला. कान्होजींनी ज्या इंग्रजांना आयुष्यभर दाद दिली नाही, त्यांचे मांडलिकत्व कान्होजींच्या वंशजांना लिहून द्यावे लागले. मुरुडजवळचा जंजिरा सिद्दींकडेच राहिला.

रत्नागिरी जिल्ह्याचे ठिकाण कसे झाले?

कोकणाचे दोन भाग पाडले गेले. उत्तर कोकणाची कचेरी ठाण्याला आणि दक्षिण कोकणाची बाणकोटला. बाणकोट निवडले कारण तिथे इंग्रजांचे साठ वर्षांचे बस्तान होते. पण सावित्रीच्या मुखावर, जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला बसून मालवण-वेंगुर्ल्याचा वसूल बघणे जमण्यासारखे नव्हते. मालवणहून बाणकोटला दावा घेऊन येणाऱ्या माणसाचे काय हाल होत असतील, हे पावसाळ्यातले कोकण पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. १८२२ मध्ये कचेरी रत्नागिरीला हलवली. बाणकोटचा भाव त्यानंतर उतरत गेला आणि रत्नागिरी वाढत गेली. दापोलीला याच सुमारास लष्करी तळ पडला. जुनी माणसे अजून कॅम्प दापोली म्हणतात ते त्यामुळे.

कोकणात शिक्षण त्याने आणले का?

त्याने शिक्षणाला सरकारचे काम मानले, हे खरे. कोकणात शिक्षण नव्हतेच, हे मात्र खोटे. पंतोजींच्या शाळा होत्या, वेदपाठशाळा होत्या, हिशेब आणि मोडी लिहिणारी घरे होती. पण त्या शाळा काही जातींच्या मुलांपुरत्या होत्या आणि छापलेले पुस्तक त्यांत नव्हते.

१८२२ मध्ये मुंबईत एक संस्था उभी राहिली, तिचे काम देशी भाषांतल्या शाळांसाठी पुस्तके छापणे आणि शाळा चालवणे. पुढे तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाले. एल्फिन्स्टन तिचा अध्यक्ष आणि आश्रयदाता. सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी इंजिनिअर, त्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. त्याचाच भाऊ थॉमस जर्व्हिस त्या काळात दक्षिण कोकणाची मोजणी करत हिंडत होता. हिंदुस्थानी चिटणीस म्हणून सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मराठी क्रमिक पुस्तकांचा पाया घातला.

१८२३ मध्ये एल्फिन्स्टनने शिक्षणावर एक लांब टिपण लिहिले. देशी शाळा सुधारा, त्यांची संख्या वाढवा, पुस्तके पुरवा, खालच्या थरातल्या लोकांनाही शिकायची गोडी लावा, युरोपीय शास्त्रे शिकवा, असे त्याचे म्हणणे होते. शिकवायचे मुख्यतः लोकांच्या भाषेत. कौन्सिलमधला फ्रान्सिस वॉर्डन याला हे मान्य नव्हते. त्याचे मत, थोड्या लोकांना इंग्रजी नीट शिकवा, ते पुढे इतरांना शिकवतील. या वादात मुंबई इलाख्यात बराच काळ एल्फिन्स्टनची बाजू वरचढ राहिली. इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारे मॅकॉलेचे टिपण १८३५ चे, ते नंतर आले. मराठीतून शास्त्र शिकवायचे की नाही हा वाद आपण अजून घालतो आहोत. दोनशे वर्षांपूर्वी सरकारी दप्तरात मराठीच्या बाजूने इतके ठाम लिहिले गेले होते, हे कोकणातल्या प्रत्येक शाळेत सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

१८२६ च्या सुमारास मुंबईत तयार केलेले शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले गेले. आणि त्याच सुमारास देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा एक मुलगा मुंबईला सोसायटीच्या शाळेत आला. ते बाळशास्त्री जांभेकर, जन्म १८१२. घरी संस्कृत झालेलेच होते. वीस वर्षांचे असताना, ६ जानेवारी १८३२ ला, त्यांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. सोसायटीचे हिंदुस्थानी चिटणीसही झाले.

एल्फिन्स्टन १८२७ मध्ये जायला निघाला, तेव्हा मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढली. दोन लाख रुपयांहून अधिक जमले. हे पैसे त्याच्या नावाने प्राध्यापक नेमण्यासाठी वापरायचे ठरले. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे कॉलेज उभे राहिले. पहिले वर्ग टाउन हॉलमध्ये भरले. बाळशास्त्री १८३४ मध्ये तिथे साहाय्यक प्राध्यापक झाले. मूळ मुरबाडचे असलेले नाना शंकरशेट या सगळ्या खटपटीत आघाडीवर होते. नंतर कोण कोण तिथे शिकले ते पाहा: पेडण्याकडचे भाऊ दाजी लाड, दापोलीजवळच्या मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक, मालवणला जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. गलबतात बसून मुंबईला जायचे, नातेवाइकाकडे किंवा वार लावून जेवायचे आणि शिकायचे, ही कोकणी मुलांची वाट या पिढीने पाडली.

‘ही आमची परतीची वाट’ असे तो म्हणाला होता का?

हा किस्सा जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने सांगितलेला आहे. तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून ब्रिग्जने विचारले, ही कशासाठी? एल्फिन्स्टन म्हणाला, लोकांना शिकवण्यासाठी, पण हाच आमचा युरोपला परत जायचा राजरस्ता आहे. मग तुम्ही हे का करता, असे विचारल्यावर उत्तर आले की परिणाम काहीही होवो, ते आमचे कर्तव्य आहे. शिकलेले लोक परके राज्य सहन करणार नाहीत, हे त्याला दिसत होते. म्हणून तो आपल्या स्वातंत्र्याच्या बाजूचा होता, असा अर्थ मात्र काढू नये. कंपनीचे राज्य आणखी बरीच वर्षे टिकावे, याची तजवीज करण्यातच त्याचा दिवस जात होता.

खोती त्याने का मोडली नाही?

कोकणाच्या बाजूने त्याच्यावर ठेवायचा मुख्य आक्षेप हाच.

खोत म्हणजे गावाचा वसूल सरकारात भरण्याची हमी घेतलेला वंशपरंपरागत हक्कदार. सरकारला एक ठराविक रक्कम दिली की कुळाकडून काय आणि किती घ्यायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या मर्जीवर. धान्याचा हिस्सा, वर वेठ, वर सणासुदीची भेट. देशावर सरकार आणि शेतकरी यांच्यात पाटील-कुलकर्णी होते, पण शेतकऱ्याचे नाव सरकारी खात्यात येण्याची वाट तिथे पुढे रयतवारीने, म्हणजे सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीने, मोकळी झाली. दक्षिण कोकणात कूळ सरकारला दिसतच नव्हते, दिसत होता तो खोत.

एल्फिन्स्टनने ऑक्टोबर १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल दिला, त्याचा सूर एकच आहे: जे चालू आहे ते शक्यतो चालू ठेवा, वतने हलवू नका, पंचायती ठेवा, लोकांना धक्का देऊ नका. नुकत्याच जिंकलेल्या प्रदेशात बंड होऊ नये, ही त्यामागची भीती. पुण्याच्या ब्राह्मणांची दक्षिणा त्याने बंद केली नाही, तिचा काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला, तेही याच धोरणातून. देशावर या सावधपणाने काही जुनी घडी टिकली. कोकणात त्याच सावधपणाने खोत टिकला. वरच्यांना न दुखवण्याचा हिशेब खालच्याच्या पाठीवर निघतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पुढचा काळ पाहा, म्हणजे या दिरंगाईची किंमत कळेल. खोतीचा पहिला नीट कायदा १८८० चा, आणि त्यानेही खोत गेला नाही. अलिबागजवळ चरी येथे शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनी न कसण्याचा संप सुरू केला, तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. एल्फिन्स्टन जाऊन तेव्हा एकशे बावीस वर्षे झाली होती.

१८२७ चे एल्फिन्स्टन कोड म्हणजे काय?

मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून केलेली सत्तावीस रेग्युलेशने. दिवाणी, फौजदारी, महसूल सगळे त्यात. शिक्षा काय होणार हे लिहून ठेवलेले असल्याने हाकिमाच्या लहरीला आळा बसला. १८६० ची भारतीय दंड संहिता लागू होईपर्यंत फौजदारी भाग चालला. जातींचे रिवाज काय आहेत याची माहिती त्याच काळात लोकांना विचारून गोळा करवली गेली, ते कामही महत्त्वाचे. तोटा असा, की लिखित कायदा आणि कोर्ट आल्यावर पंचायतींना कोणी विचारेना, आणि ज्या पंचायती त्यालाच टिकवायच्या होत्या, त्या विरत गेल्या.

मिशनऱ्यांना त्याने कोकणात आणले का?

आणले असे नाही, येऊ दिले. स्कॉटिश मिशनच्या लोकांना पुण्याकडे काम करायचे होते. तिथले ब्राह्मण बिथरतील म्हणून सरकारने त्यांना किनाऱ्याकडे वळवले. १८२३ पासून त्यांच्या शाळा बाणकोट आणि हर्णै येथे निघाल्या. पुढे मुंबईत प्रसिद्धीला आलेला जॉन विल्सन १८२९ मध्ये इथे आला, तो मराठी शिकायला आधी हर्णैलाच राहिला. त्या शाळांत मुलींनाही प्रवेश असे, ही गोष्ट स्थानिक इतिहास लिहिताना सुटू नये.

तो राहायचा कुठे?

गव्हर्नरचे मुख्य घर तेव्हा परळला होते. समुद्राच्या हवेसाठी एल्फिन्स्टनने मलबार पॉइंटच्या टोकावर एक बंगला बांधला. १८८५ मध्ये गव्हर्नरांचे कायमचे निवासस्थान तिथे आले आणि आजही महाराष्ट्राच्या राज्यपालांचे निवासस्थान त्याच टोकावर आहे.

निवृत्तीनंतर त्याचे काय झाले?

इजिप्त, पॅलेस्टाईन, ग्रीस फिरत तो दोन वर्षांनी इंग्लंडला पोचला. गव्हर्नर जनरलचे पद त्याला देऊ केले होते, प्रकृतीचे कारण सांगून त्याने ते घेतले नाही. १८४१ मध्ये त्याचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. पुढे कितीतरी वर्षे तो कॉलेजांत लावला जात होता. २० नोव्हेंबर १८५९ ला तो वारला.

मग त्याला चांगला म्हणायचे की वाईट?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात. माझे उत्तर असे: तुम्ही कोणाच्या घरातून विचारता, ते आधी पाहा. तुमचे पणजोबा शिकून मुंबईला हायकोर्टात कारकून झाले असतील, तर त्या शाळेची साखळी एल्फिन्स्टनपाशी जाते. ते खोताच्या शेतावर वेठीला जात असतील, तर त्यांच्यासाठी पेशवाई गेली आणि कंपनी आली यात फारसे काही बदलले नाही. कोकणात ही दोन्ही घरे एकाच वाडीत सापडतात. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दोन्ही घरांतली कागदपत्रे आणि आठवणी गोळा केल्या पाहिजेत. आजवर लिहिले गेले ते बहुतेक पहिल्या घरातून.

या काळाच्या खुणा आज कुठे पाहता येतात?

बाणकोटचा किल्ला मंडणगड तालुक्यात सावित्रीच्या मुखावर आहे. हरिहरेश्वराच्या बाजूने यायचे तर बागमांडल्याला फेरीबोट मिळते. बुरुज आणि तट बऱ्यापैकी उभे आहेत. तिथूनच जवळ वेळास, नाना फडणविसांचे मूळ गाव. दापोलीच्या कॅम्प भागात जुन्या छावणीच्या खुणा आहेत. रायगडावर जळालेल्या वाड्यांची जोती पाहताना मे १८१८ लक्षात ठेवा. ठाण्याचा किल्ला तुरुंग असल्याने आत जाता येत नाही, तट बाहेरून दिसतो. वसईचा किल्ला मात्र मोकळा आहे. मुंबईत फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या इमारतीत शिल्पकार चँट्रीने घडवलेला एल्फिन्स्टनचा संगमरवरी पुतळा आहे. बाळशास्त्रींचे स्मारक देवगड तालुक्यात पोंभुर्ल्याला आहे, आणि ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, तिथे माणसे जमतात.